सुतकाचं फंक्शन

उत्तमराव, आज बारावा दिवस आणि मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. भांडण अर्धवट टाकून उठायची तुमची खोड जुनीच. "उद्या बोलू, बाई" म्हणायचं, सायकल काढायची, आणि दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला पुन्हा हजर. त्या सोमवारीही तसंच म्हणून गेलात. मंगळवारी मी वाचनालयाचं मागचं दार उघडून, कॉम्प्युटर चालू करून बसले. साडेचारला तुमच्या लेकीचा, वैशालीचा फोन आला.

तुमचं वय, तुमची नोकरी, मागे कोण कोण आहे, हे सगळं चौकातल्या फलकावर लागलं आहे. फोटो जुना आहे. त्यात तुम्ही समोरच्याचं ऐकून घेत असल्यासारखे दिसता, त्यामुळे दिग्रसच्या निम्म्या लोकांनी तुम्हाला ओळखलं नसेल. मी त्यातलं काही लिहिणार नाही. मला तुमच्याशी एकाच गोष्टीचा निकाल लावायचा आहे. "नियमाच्या फंक्शनले मले विचारल्याबिगर हात लावाचा नाही," असा शब्द तुम्ही माझ्याकडून घेतला होता. मी तो दिला होता. आता विचारायचं कोणाला, ते सांगून जायला हवं होतं.

हे सगळं सुरू झालं माझ्या चुकीमुळे, ते आधी कबूल करते. एका निवृत्त इंजिनिअरच्या घरून वाचनालयाला पोतंभर पुस्तकं देणगी आली, त्यात कव्हर फाटलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. आत लिहिलेलं, लिस्प नावाची भाषा. मी नोंदवहीत घेतलं आणि भाषेच्या कपाटात, संस्कृत आणि उर्दूच्या व्याकरणांच्या शेजारी नेऊन ठेवलं. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली ग्रंथपाल मी! पण त्या कोर्समध्ये आम्हाला अर्ज टाईप करण्यापलीकडे काही शिकवलं नव्हतं. तुम्ही पेपर वाचायला यायचात. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून जन्म गेलेला, इंग्रजी शिकलेलं ते मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकांतून, बोट ठेवून ठेवून. तुम्ही ते पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आलात.

"बाई, ही कोनाची भाषा व्हय? हिचे बोलनारे कुठं राह्यतेत?"

मी चाळून पाहिलं. पानापानांवर नुसते कंस. "ही माणसांची नाही दिसत, उत्तमराव. कॉम्प्युटरची आहे."

"मंग कॉम्प्युटर त हाये न तुमच्यापाशी. बोलून पाहू."

वाचनालय साडेपाचला उघडायचं. आपण चार ते साडेपाच बसायला लागलो. लोकांनी नाकं मुरडली, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. बाईमाणूस आणि एक रिटायर बुढा मागच्या खोलीत काय करतात म्हणे. मी मागचं दार सताड उघडं ठेवायची ती त्यासाठी. तुम्हाला वाटायचं हवेसाठी.

पहिले पंधरा दिवस मी रडकुंडीला आले होते. एक कंस उघडला की त्याच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा, आणि शेवटी बंद करताना किती उरले त्याचा पत्ता नाही. पुस्तक परत कपाटात टाकू म्हणाले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत जसं नव्या हेल्परकडे पाहत असाल.

"डोकं कायले धरता? मशीन खोलतानी आपन काय करतो? पोतं आंथरतो. पह्यला नट इथं ठेवला, दुसरा त्याच्या बाजूले, तिसरा त्याच्या बाजूले. लावतानी उलटीकडून याचं. शेवटी काढला थो आधी बसते. पह्यला काढलेला सगळ्यात शेवटी. झाला कंस बंद."

आणि खरंच झाला. वर्षानुवर्षं पोत्यावर नटबोल्ट मांडलेल्या माणसाला जे दिसलं ते मला पुस्तकाच्या चाळीस पानांत दिसलं नव्हतं. मी आजही कंस बंद करताना मनात पोतं अंथरते. हे तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही आठ दिवस मिरवलं असतं, म्हणून सांगितलं नाही. आता सांगते.

पण उपकार एकतर्फी नव्हते. सराव म्हणून तुम्ही आपल्याच घराची यादी टाईप केलीत, सगळ्यात वर पणजोबा रामराव, मग त्यांची मुलं, मग नातवंडं. बटण दाबलं, तर कॉम्प्युटरने उत्तर दिलं की रामराव नावाचं फंक्शन सापडत नाही. तुम्ही हसता हसता चष्मा काढलात.

"पाहा बाई! बुढ्याले पह्यल्या नंबरवर बसवलं, त हे म्हनते याले काही कामच येत नाही!"

लिस्पमध्ये यादीत जो पहिला बसतो तो काम करणारा, बाकीचे त्याच्या हाताखालचे, असं ती भाषा धरून चालते. नुसतीच यादी असेल, कोणी काही करायचं नसेल, तर आधी एक छोटं अवतरणचिन्ह द्यावं लागतं. हे मी शोधून काढलं. तुम्ही पुढे सगळ्यांना सांगत राहिलात की "आमी" शोधलं. असो.

मग फंक्शनने स्वतःलाच हाक मारायची गोष्ट आली. तिथे आपण दोघंही महिनाभर अडकलो. शेवटी तुम्हीच म्हणालात की हे लग्नाच्या पत्रिका वाटण्यासारखं आहे. एका घरी जायचं, त्या घरच्या पोरांची नावं विचारायची, मग प्रत्येक पोराच्या घरी जाऊन पुन्हा तेच. आपण तसं लिहिलं, आणि पुढे घर नसेल तर परत फिरायचं, एवढंच लिहायला विसरलो. कॉम्प्युटरने हात टेकले. "पत्रिका वाटनारा अजूनबी फिरूनच राह्यला," तुम्ही म्हणालात, आणि मी इतकी हसले की पुढच्या दाराशी उभा असलेला पेपरवाला डोकावून गेला.

त्या दिवशी जाताना तुम्ही म्हणालात, यातून आपलं काम करून घेता येईल. तुमचं काम म्हणजे सुतक.

तुमच्या भावकीत तुम्ही जाणते. केळापूरपासून पुसदपर्यंत पसरलेली भावकी, त्यात कुठे ना कुठे कोणी जायचं आणि तुमचा फोन वाजायला लागायचा. "भाऊ, आमाले लागते का? पोट्टीचं साक्षगंध हाये रविवारी." "भाऊ, आमाले दहा का तीन?" दहा दिवस देवाजवळ दिवा लावायचा की नाही, साखरपुडा पुढे ढकलायचा की नाही, सगळं तुमच्या तोंडावर. तुम्ही बोटांवर पिढ्या मोजायचात. सात पिढ्यांच्या आत असेल तर दहा दिवस. त्याच्या पलीकडे असेल तर तीन. त्याहून लांब असेल तर डोक्यावरून पाणी घेऊन मोकळं. आणि लग्न करून दिलेल्या लेकीला आईबापाचं तीन दिवस.

वर्षभर लागलं आपल्याला, पण झालं. गेलेल्याचं नाव टाकायचं, फंक्शन घरोघर फिरून यायचं आणि कोणाला किती दिवस ते छापून द्यायचं. त्यात एक भाग घरोघर फिरणारा, आणि एक छोटा, अकरा ओळींचा, नियम सांगणारा; तेच नियमाचं फंक्शन. आख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात असं काही कोणी केलं नसेल, याबद्दल आपल्या दोघांना तिळमात्र शंका नव्हती. मला अजूनही नाही.

आणि मग आपण सपशेल तोंडावर पडलो. तुमचे चुलते गेले, पिकल्या वयात. तुम्ही मोठ्या ऐटीत यादी काढलीत आणि भावकीच्या ग्रुपवर टाकलीत. त्यात चुलत्यांच्या लेकीचं नाव होतं: कमल, तीन दिवस. कमलबाईंना जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या. तिचे थोरले भाऊ गुलाबराव, स्वतः बापाच्या सुतकात बसलेले, त्यांचा फोन आला. तुम्ही स्पीकरवर घेतलात म्हणून मीही ऐकलं.

"उत्तम, माही बहीन गेली थे तुले मालूम नाही काय? आता वर बसून सुतक धराव का तिनं? इकडं माय रडून राह्यली यादी पाहून."

तुम्ही फोन ठेवलात. सायकल घेऊन गेलात आणि आठ दिवस आला नाहीत.

त्या आठ दिवसांत मी चूक शोधली. कमल तुमच्या सासुरवाडीतच दिलेली, म्हणून तुम्ही तिकडच्या घरांचीही यादी केली होती. कमलचं नाव तुम्ही दोन्हीकडे टाईप केलं होतं, बापाच्या घरात एकदा आणि नवऱ्याच्या घरात एकदा. ती गेल्यावर तशी नोंद केलीत ती नवऱ्याच्या घरात. बापाच्या घरातली कमल जिवंतच राहिली. नवव्या दिवशी मी तुमच्या घरी आले, आठवतं? तुम्ही अंगणात सायकलची चेन साफ करत बसला होता आणि वर पाहत नव्हता. मी तुम्हाला वाचनालयाचीच गोष्ट सांगितली. पुस्तक एक असतं, त्याची कार्डं दोन. एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं. पुस्तक फाटलं तर दोन्ही कार्डांवरून जाणाऱ्याला फाटलेलंच मिळतं. आपण पुस्तकच दोनदा लिहून ठेवलं, उत्तमराव. कमल एकदाच लिहायची आणि दोन्ही याद्यांना तिच्याकडे बोट दाखवायला लावायचं. लिस्पला ते जमतं.

तुम्ही चेन खाली ठेवलीत. "हे तुमाले माह्याआधी समजलं, बाई," म्हणालात. तीन वर्षांत एकदाच. पण म्हणालात, आणि आत बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितलात.

आपलं खरं भांडण त्या चहानंतर लागलं. यादी दुरुस्त झाल्यावर मी विचारलं, कमल जर एकच बाई आहे, तर सासऱ्यासाठी दहा दिवस आणि जन्मदात्या बापासाठी तीन, असं कसं?

"नियम माहा नाही. बापाकडून आला, त्याले त्याच्या बापाकडून आला. मी फक्त टाईप केला."

"मग टाईप करणाऱ्याला काहीच म्हणता येत नाही का?"

"फिटरनं मशीन दुरुस्त कराव. डिझाईनले हात लावू नये."

"जिनिंगमध्ये मालकाला न विचारता पट्ट्याची रचना तुम्हीच बदलली होती ना? स्वतःच सांगितलंत मला, तीनदा."

"थे येगळं."

"काय वेगळं?"

"उद्या बोलू."

आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही तो शब्द घेतलात. तुमचा माझ्यावर भरवसा नव्हता असं नाही. होता, म्हणूनच भीती वाटली असणार. तुम्हाला ठाऊक होतं की मला आता ती ओळ कुठे आहे ते डोळे मिटून सांगता येतं.

वर्षभर आपण हे भांडण दर पंधरा दिवसांनी नव्याने काढलं. मजा यायची, खोटं कशाला बोलू. पण त्या शेवटच्या सोमवारी मी मजेत नव्हते. माझ्या एका मैत्रिणीला तिचे वडील गेल्यावर चौथ्या दिवशी माहेरच्यांनी बसमध्ये बसवून दिलं होतं, ते डोक्यात होतं. मी तुम्हाला म्हणाले, "तुमच्या मागे वैशालीनंही तिसऱ्या दिवशी उठून पुसदला चालतं व्हायचं का?"

तुम्ही पॅन्टला सायकलची क्लिप लावत होता. हात थांबला. मग लावलीत, "उद्या बोलू" म्हणालात आणि गेलात. माझं तुम्ही ऐकलेलं शेवटचं वाक्य ते. अशा तऱ्हेने बोलायला नको होतं मी, याचं मला फार वाईट वाटतं. पण ते परत घ्यायला सांगाल तर नाही घेणार.

तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी वैशालीने विचारलं, "बाई, बाबाचं थे यादीवालं चालवता काय? फोनवर फोन येऊन राह्यले, आमाले काही समजत नाही." मी वाचनालयात आले. तुमच्या नावासमोर गेल्याची नोंद मला करायची होती. एकाच जागी केली. पुढे काही करावं लागलं नाही, जिथे जिथे तुम्ही होता तिथे तिथे आपोआप झाली, आपण तसंच बांधलं होतं. मी पुढे टेबलाशी येऊन बसले आणि रडले, उत्तमराव. समोर नोंदवही उघडी, वाचक पेपर चाळताहेत, आणि मी ढसाढसा रडतेय. एकाने पाण्याची बाटली पुढे केली.

यादी निघाली. वैशाली, तीन दिवस. मी माझंही नाव टाकून पाहिलं, उगाच. यादीत नाव नाही, असं आलं. शब्द दिला होता म्हणून जशी होती तशीच पाठवली.

चौथ्या दिवशी तुमच्या घरी गेले तर तुमची वहिनी वैशालीला उठवत होती. "तुहं सुटलं व माय. डोक्यावरून पानी घे न जाय आता. लेकरं वाट पाहून राह्यले असतीन."

"मी दहावं करूनच जाईन, मोठेआई."

"यादीत त तीनच हाये."

"असू दे न मंग. माहा बाप गेला, यादीचा नाही गेला."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं ती यादी कोणी पाठवली. मी मान खाली घातली आणि सतरंजीच्या कडेला बसले.

माझ्या घरी वेगळीच गंमत. मी तुम्ही गेलात त्या दिवसापासून देवाजवळ दिवा लावला नव्हता. ठरवून नाही, हातच गेला नाही. पाचव्या दिवशी सासूबाईंनी पकडलं.

"आपल्यात कोन गेलं व? दिवा काहून नाही देवापाशी?"

"माझ्यासोबत शिकणारं माणूस गेलं, आई."

त्यांनी जरा विचार केला. "त्याचं किती दिवसाचं असते?"

"कोणालाच माहीत नाही."

"मंग दहा धर," त्या म्हणाल्या. "फक्त माहा चहा बंद नोको करू."

मी दहा धरले. तुमच्या भावकीला विचारलं नाही आणि फंक्शनलाही विचारलं नाही.

दहाव्या दिवशी तुमचा विधी आटोपून वैशाली पुसदच्या बसमध्ये बसली. मी स्टँडवरून थेट वाचनालयात गेले. चार वाजले होते. मागचं दार उघडलं, कॉम्प्युटर लावला आणि मोठ्याने विचारलं, "उत्तमराव, नियमाच्या फंक्शनला हात लावू का?" शब्द म्हणजे शब्द. तुम्ही द्यायला लावला होता तसाच मी पाळला, विचारलं. साडेचारपर्यंत थांबले. मग ती ओळ काढली आणि तीनच्या जागी दहा केलं. कंसाला धक्का लागला नाही. पुन्हा चालवून पाहिलं. वैशाली, दहा दिवस. वैशालीला पाठवलं, तिने ते भावकीच्या ग्रुपवर टाकलं.

आज सकाळी गुलाबरावांचा फोन आला. मी कंबर कसूनच उचलला.

"बाई, थो नियम कोनाले विचारून बदलला?"

"उत्तमरावांना विचारलं."

"मंग काय म्हनला थो?"

"काही म्हणाले नाहीत."

मला वाटलं आता तोफ सुटणार.

"माही पोट्टी दारव्ह्याले देली हाये," ते म्हणाले. "माह्या मांगं तिच्यापुढं किती दाखवते आता?"

"दहा."

"राहू द्या मंग तसंच," म्हणाले आणि फोन ठेवला.

तुमच्याकडून होकार आला नव्हता हे मला माहीत आहे, उत्तमराव. शब्द मोडला म्हणायचं तर म्हणा. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्ही यावर भांडायला येणार नाही, याचं फार वाटतं.